पेटीतला गुलचंद

दुपार कलली आहे. शेरडं बाभळीखाली बसून रवंथ करताहेत, सून राही चुलीतली राख ओढते आहे, आणि सायतरा पालाच्या आत सावलीत वाकळ टाकून आडवी झाली आहे. झोप अजून लागलेली नाही आणि जागही धड उरलेली नाही. अशा वेळी माणसाला आपला हात आपला वाटत नाही, आणि लांबचे आवाज कानाशी येऊन बसतात.

लांबून हाक येते. घागरीत खडे घालून ती हलवावी तशी, खुळुक खुळुक खुळुक, आणि शेवटी एक घुटका. कुणी आपलाच आवाज गिळून टाकावा तसा.

सायतराचे डोळे मिटलेलेच राहतात. मुठी मात्र वळतात.

ती हाक माळगौळणीची आहे असं घैसास सर समजतात. माळगौळण म्हणजे उंच गवतात राहणारं, कोंबडीएवढं पाखरू. सायतराच्या तरुणपणी ते कधीमधी दिसायचं. मग दिसेनासं झालं, आणि शहाण्या लोकांनी ते संपलं असं ठरवून टाकलं. घैसास सर तेवढे मानत नाहीत. दर हिवाळ्यात ते मोटारीनं या माळावर येतात, गळ्यात आवाजाची पेटी अडकवतात आणि तिचं बटण दाबून गवतातून हिंडत राहतात. कुठंतरी एखादी माळगौळण उरली असेल आणि या हाकेला ओ देईल, एवढ्या एका आशेवर त्यांनी उभं आयुष्य घालवलं. आता ऐंशीला टेकले, हातात काठी आली, तरी त्यांचं येणं चुकत नाही.

पण त्या पेटीत माळगौळण नाहीच. पेटीत गुलचंद आहे, सायतराचा धाकटा भाऊ, आणि त्याला जाऊन तीस वर्षं उलटली.

पारध्याच्या घरात पाखराची हाक काढायची एक रीत असते. नुसती हुबेहूब हाक काढून भागत नाही. गवतात दुसरा पारधीही दबा धरून असतो. पाखरू समजून तो तुमच्यावरच चालून यायचा. म्हणून जो तो आपल्या हाकेत घरची खूण ठेवतो. कुणी मध्येच दम तोडतो, कुणी शेवट लांबवतो. सायतराचं माहेर काळ्यांचं, आणि काळ्यांच्या घरची खूण म्हणजे शेवटचा घुटका. पाखराला त्याचं काही वाटत नाही, माणसाला मात्र कळतं की इथं काळ्यांचा पोरगा बसलाय, तिकडं जायचं नाही.

घैसास सर तेव्हा पन्नाशीचे होते, शहरात कॉलेजात शिकवायचे. त्यांनी गुलचंदला माळगौळण जिवंत धरून द्यायला सांगितलं होतं. गुलचंद घोड्याच्या केसांचे फासे लावून करवंदीच्या जाळीत पालथा पडला आणि हाका घालू लागला. सर लांब टेकाडावर आपलं टेपचं यंत्र घेऊन बसले होते. त्यांना वाटलं, पाखरू बोलतंय. संध्याकाळी त्यांनी मोठ्या कौतुकानं टेप लावून दाखवली, तेव्हा गुलचंदनं शेवटचा घुटका ऐकला आणि ओठ दाबून खाली बघत राहिला. एवढा मोठा माणूस, त्याचं तोंड पडेल, म्हणून तो बोलला नाही. घरी येताना वाटभर हसत मात्र राहिला. "आक्का, साहेबाच्या डब्यात मीच बसलो," म्हणाला. पुढं कधीतरी सवडीनं सांगू, असं त्याच्या मनात होतं.

ती सवड आली नाही. फाशात सापडलेली माळगौळण सरांच्या बंगल्यावर आठवडाभरही जगली नाही. बभ्रा झाला, दुर्मिळ पाखरू कुणी धरलं म्हणून चौकशी आली, आणि सरांनी हात वर केले. पारध्यानं चोरून धरली होती, मी तिला वाचवायला घरी आणली, असं त्यांनी सांगितलं. या माणसाला मी ओळखतही नाही, असंही सांगितलं. गुलचंद तुरुंगात गेला, तिथून खोकला घेऊन आला, आणि पुढचा पाऊस पडायच्या आत गेला. सरांचं नाव मात्र झालं. माळगौळण शेवटची डोळ्यांनी पाहिलेला माणूस म्हणून त्यांना शाली मिळाल्या.

हे सगळं सायतराला आठवावं लागत नाही. ती हाक आली की ते आपोआप अंगातून फिरून जातं.

हाक पुन्हा येते, थोडी जवळून. पालाचं फडकं बाजूला होतं आणि गुलचंद वाकून आत येतो.

तो तसाच आहे. तिशीतला, सडपातळ, कानात वाळी. उकिडवा बसतो आणि तिच्याकडं मान तिरपी करून बघतो.

"म्हातारी झालीस की गं आक्का."

"तू नाही झालास. सोय बघितलीस आपली."

तो हसतो, पण हसण्याचा आवाज येत नाही. पाणी मागतो. सायतरा तांब्या पुढं करते. तो घटाघटा पितो आणि पाणी त्याच्या गळ्याशीच अडतं. सायतरा नीट बघते. त्याच्या मानेवर शिवण आहे, जाड दोऱ्याची, आणि शिवणीतून कापूस डोकावतोय. कापूस हळूहळू भिजतो.

"कुणी शिवलं हे?"

गुलचंद हनुवटीनं बाहेर दाखवतो, हाक येते आहे तिकडं.

मग तो आपलं गाऱ्हाणं सांगतो. तो आहे तिथंही माळ आहे, गवत आहे, पाखरंही रग्गड आहेत. पण त्याच्याकडं एक येत नाही. तो तोंड उघडतो तर नुसता वारा जातो. बापानं शिकवलेल्या सगळ्या हाका, तित्तराची, लाव्याची, माळगौळणीची, एकही गळ्यातून निघत नाही. बाप दिवसभर बाजूला बसून असतो आणि विचारतो, मुका कधीपासून झालास. आता बापाला काय सांगायचं?

"आवाज त्यानं नेलाय," गुलचंद म्हणतो. "मी मेल्यावर तरी सोडील असं वाटलं होतं. माझ्याच गळ्यानं हिंडतो माळभर."

सायतराला त्याला काहीतरी चांगलं द्यावंसं वाटतं. म्हणून तीस हिवाळे साठवून ठेवलेलं सुख ती त्याच्यापुढं ठेवते. पेटीत कोण आहे हे तिनं एकाही जिवाला सांगितलेलं नाही. सासरी सांगितलं नाही, पोटच्या पोराला सांगितलं नाही. सर काट्याकुट्यांतून फिरताना तिनं लांबून बघितलंय. कुसळांनी पाय भरलेले बघितलेत. एकदा ओढ्यात घसरून चिखलानं माखले, तेव्हाही पेटी तेवढी डोक्यावर धरलेली बघितलीय. दर साली हात हलवत माघारी जाताना त्यांची पाठ बघितलीय, आणि दर साली त्या दिवशी तिला भाकर गोड लागलीय. मेलेल्या माणसाच्या मागं आयुष्यभर पळतोय आणि त्याला पत्ता नाही, याहून मोठी शिक्षा कुठली?

गुलचंद ऐकून घेतो. त्याच्या तोंडावर काही हलत नाही.

"तुझी करमणूक झाली, आक्का. माझं काय झालं?"

हा हिशेब सायतरानं कधी केला नव्हता. ती मान खाली घालते आणि वाकळीचा कोपरा चिवडू लागते. वाकळीखाली माती नाही, फरशी आहे. थंड, नुकतीच धुतलेली. फरशीवर माणसं ओळीनं उभी आहेत, हातात जर्मलच्या थाळ्या, आणि सगळी एकाच लयीत खोकताहेत. ओळीच्या तोंडाशी घैसास सर शाल पांघरून वरण वाढताहेत. प्रत्येकाला प्रेमानं विचारतात, अजून हवं का, लाजू नका. गुलचंदचा नंबर येतो तेव्हा पळी हवेतच थांबते.

"याला मी ओळखत नाही," सर म्हणतात आणि त्याच्या खांद्यावरून मागच्याला वाढतात.

गुलचंद रिकामी थाळी घेऊन बाजूला होतो. सायतरा त्याचं मनगट धरते. बाहेर जायचं दार शोधते. तुरुंगाच्या भिंतीला दार नाही, भिंत काचेची आहे. काचेच्या आत फळ्या आहेत, फळ्यांवर पाखरं बसली आहेत, आणि कुणीच उडत नाही. खंड्या, धनेश, सुतार. डोळ्यांच्या जागी कापूस. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली आहे. हा सरांचा बंगला आहे, हे तिला कुणी न सांगता कळतं. ती तिथं कधी गेलेली नाही.

गुलचंद सवयीनं काच सरकवतो आणि मधल्या फळीवर चढून बसतो. गुडघे पोटाशी घेतो, तेव्हा बरोबर मावतो. त्याच्या शेजारी माळगौळण आहे. तिचा रंग उडालाय, एक पंख कलला आहे. तिच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत खूप काही लिहिलंय. गुलचंदच्या पायालाही चिठ्ठी आहे, पण ती कोरी आहे.

"ही बोलते का तुझ्याशी?" सायतरा विचारते.

"कशाला बोलंल? धरली कुणी होती?"

एवढं बोलून तो काचेतून बाहेर बघत बसतो. मग आवाज उतरवून सांगतो, की माळावर जुनी दगडाची खाण आहे ना, तिच्या पल्याड जाऊन बस. गवत काठापर्यंत आलेलं आहे, काठ दिसत नाही. तिथून हाक घाल. तो हाकेकडं बघत चालतो, पायाकडं बघत नाही.

"बायकांनी हाक घालायची नसते आपल्यात."

"मला घुटका कुणी शिकवला?"

ते खरं आहे. बाप शिकवायचा आणि गुल्याला शेवट जमत नसे, ठसका लागायचा. शेरडांमागं हिंडता हिंडता सायतरानंच त्याच्याकडून तो घटवून घेतला होता, बापाच्या चोरून. पोटातून दम वर आण, जिभेखाली धर, आणि थुंकी गिळल्यासारखा गिळ. तिला आठवतं, आणि त्याच वेळी फळी, काच, बंगला काही उरत नाही. ती गवतात बसली आहे. गवत डोक्याच्या वर गेलंय. पुढं खाणीचं तोंड आहे आणि त्यातून गार वारा येतोय. गुलचंद तिच्या पाठीशी पालथा पडलाय, जाळीत पडायचा तसा.

समोरून काठी टेकत सर येताहेत. पेटी गळ्यात आहे. हाक येते, खुळुक खुळुक, घुटका, आणि दर घुटक्याला गुलचंदचं अंग तिच्या पाठीशी हिसका खातं, कुणी दावं ओढावं तसं. सायतरा पानांआडून सरांचे पाय बघते. कापडी बूट, एका बुटाची नाडी सुटलेली. आणखी थोडं पुढं आले की खाली काही नाही.

"घाल," गुलचंद म्हणतो.

ती दम भरते. दम जिभेखाली येऊन थांबतो. तेवढ्यात तिला पुढचं सगळं दिसतं. सर खाणीत पडलेत, लोक जमलेत, कुणी रडतंय. पाखराच्या शोधात जीव दिला म्हणतात. कॉलेजात फोटो लागतो, फोटोला हार पडतो, दर साली त्या तारखेला भाषणं होतात. आणि कुणीतरी टेप लावतं, गुलचंदची.

"मेला तर मोठा होईल तो," सायतरा म्हणते. "आणि सुटेल. मला त्याला सोडायचा नाही."

"मग काय करणार?"

"कळू दे त्याला."

गुलचंद डोकं उचलून बघतो. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत जुनी चमक येते, साहेबाच्या डब्यात बसलो म्हणतानाची. "आक्का," तो म्हणतो, "तू माझ्यापेक्षा वाईट निघालीस."

सायतरा उठते. खाण मधून कुठं जाते ते कळत नाही, पण ती सरांच्या पुढ्यात उभी आहे, श्वास लागेल एवढी जवळ. त्यांना ती दिसत नाही. त्यांची नजर गवतावरून फिरते आहे, ओठ हलताहेत, देवळात उभं राहिलेल्या माणसासारखे. ती तोंड उघडते आणि हाक घालते.

सरांचा चेहरा उजळतो. इतका उजळतो की सायतराला क्षणभर वाईट वाटायला होतं. ऐंशी वर्षांचा माणूस सात वर्षांचा दिसतो. मग घुटका येतो.

चुलीत पाणी ओतावं तसा तो चेहरा विझतो.

ती पुन्हा हाक घालते. आता ती त्यांना दिसते आहे. ते तिचा गळा बघताहेत, गळ्यातून वर येणारा दम, आणि शेवटी आत जाणारा घुटका. ते मान हलवतात, नाही नाही म्हणून. ती थांबत नाही. तीस वर्षांचं सगळं ती त्या खुळखुळाटात घालते. जर्मलची थाळी घालते. रक्ताची थुंकी घालते. कोरी चिठ्ठी घालते. सर हात पुढं करतात, पुरे म्हणून, तेव्हा ती आणखी मोठ्यानं घालते.

मग तिच्या मागून दुसरा आवाज निघतो. आधी नुसता वारा, मग घरघर, आणि मग स्वच्छ हाक. गुलचंद तिच्या बाजूनं हाक घालतोय. भाऊ-बहीण एकाच लयीत, एकाच जागी गिळतात. सरांचे गुडघे वाकतात. गवत सरांच्या डोक्यावरून मिटून जातं. सायतरा वळून भावाकडं बघायला जाते, आणि त्याच्या जागी ऊन आहे.

ऊन पालात शिरलंय. तिचा घसा सोललेला आहे, थुंकी गिळताना दुखतंय. पण हाक थांबलेली नाही. हाक हाताच्या अंतरावर चालू आहे.

वाकळीच्या शेजारी, धुळीत, घैसास सरांची पेटी ठेवलेली आहे. तिच्यावरचा लाल दिवा जळतोय. पेटीसमोरच्या मातीत दोन खळगे पडले आहेत, गुडघे टेकल्यावर पडतात तसे.

राही दारात उभी आहे. तिचा चेहरा घाबराघुबरा. ती सांगते ते असं. आत्या झोपेत हाका घालायला लागल्या, त्या पार माळभर ऐकू गेल्या असतील. म्हातारे सर काठी टाकून पळतच आले. धड पळताही येत नव्हतं. इथंच आहे, इथंच बोलली, म्हणत पालापाशी आले, आणि आत्यांचं तोंड बघून जागच्या जागी थबकले. आत्यांना उठवायला ती वाकली, तर त्यांनी हातानं अडवलं. बराच वेळ ऐकत राहिले. मग विचारलं, हा शेवटी आवाज गिळतात तो कशासाठी.

"मग तू काय सांगितलंस?" सायतराचा आवाज फाटका येतो.

"जे आहे ते. म्हटलं, ही आत्यांच्या माहेरची, काळ्यांच्या घरची खूण. माणसानं हाक घातलीय, पाखरानं नाही, हे दुसऱ्या पारध्याला कळावं म्हणून. पाखरू घुटका घेत नाही." राही पदराचं टोक बोटाला गुंडाळते. "चुकलं का माझं, आत्या? ते एकदम खालीच बसले. ही पेटी गळ्यातून काढली, चालूच होती, तशीच तुमच्याजवळ ठेवली. मी म्हटलं, सर, विसरताय. तर म्हणाले, माझी नाही ही. यांच्या भावाची आहे."

सायतरा कोपरावर भार देऊन उठते आणि दारातून बाहेर बघते. लांब रस्त्याला मोटार उभी आहे. दार उघडं आहे, आत पांढरं डोकं दिसतंय, खाली घातलेलं. मोटार सुरू होत नाही.

"पाणी नेऊन देऊ का त्यांना?" राही विचारते. "कधीचे नुसते बसलेत."

"नको."

राही थोडी घुटमळते. मग पेटीकडं हात नेते. "ही तरी बंद करते. कान किटले."

सायतरा तिचा हात धरते.

"राहू दे," ती म्हणते. "सेल संपेपर्यंत बोलू दे त्याला."